रान घटलं, दप्तरं जुळेनात : कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
प्रत : जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेख, जिल्हा उपनिबंधक (सहकारी संस्था) आणि जिल्हा अग्रणी बँक

सादर नमस्कार.

शेताचे क्षेत्र कमी झाले की त्यावर मिळणारे अनुदान, पीककर्ज, विमा आणि भरपाई त्या मापाने कमी व्हावी, याला आमची हरकत नाही. नसलेल्या रानावर ऊस दाखवून कुणी पैसे उचलावेत, असे आम्हाला वाटत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की क्षेत्र नेमके कोणत्या दिवशी कमी झाले, हे जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांनी एकाच कागदावरून ठरवावे. आज तेच क्षेत्र वेगवेगळ्या दप्तरांत वेगवेगळ्या दिवशी कमी होते, आणि मधल्या काळातला सगळा फरक शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

कोल्हापुरात हा प्रश्न गुंठ्यांचा आहे, म्हणूनच तो जास्त टोचतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आंबा घाटापासून अंकलीपर्यंत जिल्हा आडवा कापत जातो. पुणे-बंगळूर महामार्गाचे सहापदरीकरण कागलपर्यंत आहे. नदीकाठची मळी (गाळाची जमीन) 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी कुरतडली ती वेगळीच. (शक्तिपीठ महामार्ग व्हावा की नको, यावर आमची मते आहेतच, पण हे पत्र त्यासाठी नाही.) विदर्भातल्या दहा एकरवाल्याचे वीस गुंठे गेले तर तो हळहळेल. इथे तेवढ्यात एखाद्याचे अर्धे रान जाते.

एक नमुना घेऊन बोलू, म्हणजे घोटाळा नेमका कुठे होतो ते दिसेल. समजा सातबारावर एकूण क्षेत्र 1 हेक्टर 12 आर आहे (100 आरांचा एक हेक्टर). त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, 4 आर; म्हणून लागवडीयोग्य 1 हेक्टर 8 आर. रस्त्यात 23 आर गेले. पोटखराबा म्हणून लावलेली ओघळ नेमकी त्या 23 आरांतच होती. मग उरलेल्या सातबारावर एकूण 89 आर, पोटखराबा शून्य आणि लागवडीयोग्य 89 आर असे यायला हवे. पण कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा भूमी अभिलेखचा कागद) करताना एकूण क्षेत्रातून 23 वजा केले आणि पोटखराब्याचा रकाना जसाच्या तसा पुढे ओढला, तर लागवडीयोग्य क्षेत्र 85 आर राहते. ओघळ गेली रस्त्याखाली, तिचे 4 आर मात्र उरलेल्या उसातून कायमचे वजा. पीककर्ज, विमा, ठिबक या सगळ्यांत पुढे हाच 85 चा आकडा चालतो. ही चूक तहसीलदारांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 चा अर्ज करून सुटतेच असे नाही, कारण ते लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचे कलम आहे. मूळ आकडा पत्रकातच चुकला असेल तर पत्रक दुरुस्त व्हावे लागते आणि ते काम भूमी अभिलेख उपअधीक्षकांचे. शेतकरी मात्र तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतो. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. नाव बदलले, पायऱ्या त्याच आहेत.)

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे : संयुक्त मोजणीच्या (संपादनासाठी संबंधित खात्यांनी मिळून केलेल्या मोजणीच्या) नकाशावरच गेलेल्या पट्ट्यातला पोटखराबा वेगळा दाखवावा, आणि कमी-जास्त पत्रकात एकूण, पोटखराबा व लागवडीयोग्य असे तिन्ही आकडे दोन्ही बाजूंना, म्हणजे गेलेले आणि उरलेले, लिहिल्याशिवाय पत्रक मंजूर होऊ नये.

आता तारखांकडे येऊ. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3-डीची अधिसूचना निघाली, त्याच दिवशी ती कायद्याने केंद्र सरकारची होते. प्रत्यक्ष ताबा जातो कलम 3-ई खाली, साठ दिवसांच्या नोटिशीनंतर, तोही मोबदला जमा झाल्यावर. आणि सातबारावरचे क्षेत्र कमी होते ते कमी-जास्त पत्रकानुसार फेरफार मंजूर झाल्यावर. म्हणजे एकाच जमिनीला कमी होण्याच्या तीन तारखा. पहिल्या दोन तारखांच्या मध्ये शेतकरी रान कसतच असतो, कारण लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो आणि अधिसूचना निघाली म्हणून तो कुणी उपटून टाकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मध्ये उलटे होते : रान डांबराखाली गेलेले असते, पण सातबारा जुनेच क्षेत्र दाखवतो.

पहिल्या टप्प्यात महापूर आला तर पंचनामा कुणाच्या नावाने? अधिसूचनेकडे बघितले तर जमीन सरकारची, पिकाकडे बघितले तर शेतकऱ्याची. पिकाचे नुकसान हे कसणाऱ्याचे नुकसान आहे. त्यामुळे ताबा जाईपर्यंत पंचनामा कसणाऱ्याच्या नावाने करावा, असे लेखी आदेश आपण मंडळ अधिकाऱ्यांना द्यावेत.

दुसऱ्या टप्प्यातला धोका जास्त मोठा आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्याला तो नवीन नाही. पीककर्ज मिळते ते तांत्रिक गटाने ठरवलेल्या हेक्टरी दराला लागवडीच्या क्षेत्राने गुणून. सेवा सोसायटीच्या कर्जमर्यादा पत्रकात, आपल्याकडच्या भाषेत क.म.मध्ये, तोच आकडा बसतो. वरच्या नमुन्यात लागवडीयोग्य क्षेत्र 108 आरांवरून 89 वर आले म्हणजे मर्यादा साडेसतरा टक्क्यांच्या आसपास खाली यायला हवी. सातबारा जुना असल्याने सोसायटी जुन्याच क्षेत्रावर कर्ज देते, शेतकरी ते घेतो, आणि कागदावर तोवर काहीच चुकत नाही. चूक उघडी पडते ती कर्जमाफीच्या किंवा व्याज सवलतीच्या तपासणीत. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत याच जिल्ह्यातली सुमारे 112 कोटींची माफी 'कर्जमर्यादेपेक्षा जास्त उचल' म्हणून अपात्र ठरवली गेली आणि ते प्रकरण न्यायालयात गेले, हे आपल्या कार्यालयाला सांगायला नको. त्या वेळी मर्यादा का ओलांडली गेली याची कारणे वेगळी होती. पण 'मर्यादेबाहेर' हा शिक्का कागदावर आला की तो पुसायला किती वर्षे लागतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले आहे.

आज तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येते. ही सवलत मर्यादेतल्या कर्जासाठी आहे. रस्त्याने क्षेत्र खाल्ले, सातबारा उशिरा दुरुस्त झाला आणि मधल्या हंगामात उचललेली रक्कम नव्या मर्यादेपेक्षा जास्त ठरली, तर ती जादा उचल शेतकऱ्याने फसवून घेतलेली नसते. म्हणून आमची मागणी अशी की ताबा गेल्यानंतर जो पहिला कर्जहंगाम सुरू होतो, त्यापासूनच मर्यादा कमी धरावी. उभ्या पिकावर आधीच दिलेले कर्ज त्या पिकाची वसुली होईपर्यंत मर्यादेतलेच मानावे. जिल्हास्तरीय बँकर्स समितीचे अध्यक्ष आपणच आहात. एवढा ठराव तिथे होऊ शकतो.

पीकविम्यात चित्र थोडे वेगळे आहे. ऊस या योजनेत नाही, पण भात, सोयाबीन, भुईमूग, नाचणी आहेत. 2025 च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के झाला, त्यामुळे जादा क्षेत्रावर भरलेला हप्ता आता खिशाला लागतो. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या मंडळात पेरलेल्या क्षेत्रापेक्षा विमा उतरवलेले क्षेत्र जास्त निघाले, तर क्षेत्र सुधारणा गुणक लावून सगळ्यांचीच संरक्षित रक्कम त्या प्रमाणात खाली आणली जाते. म्हणजे रस्त्यालगतच्या पाच-पन्नास जणांच्या सातबारावर जुने आकडे राहिले, तर ज्यांच्या रानाला रस्ता शिवलाही नाही, त्यांची भरपाईही कापली जाऊ शकते. दप्तरातली दिरंगाई एकाच्या घरापुरती राहत नाही ती अशी.

इथे शेतकऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाची नोंद, करताना सातबारावर दिसते तेवढे सगळे क्षेत्र पिकाखाली लावू नये. जे रस्त्यात किंवा नदीत गेले ते पड म्हणून नोंदवावे. नदीने खाल्लेल्या जागेला 'कायम पड' म्हणणे विनोदी आहे, तिथे पाणी वाहतेय; पण ॲपमध्ये त्याच्या जवळचा दुसरा पर्याय नाही, आणि पुढे विम्याच्या वादात ही नोंदच शेतकऱ्याच्या बाजूने उभी राहते.

नदीकाठचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण रस्त्याच्या जमिनीला निदान निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), मोबदला आणि नकाशा असतो. नदीने नेलेल्या जमिनीला यातले काही नसते. आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या केंद्रीय निकषांत जमीन खरडून किंवा नदीचा प्रवाह बदलून वाहून गेली तर हेक्टरी 47,000 रुपये, गाळ काढण्यासाठी हेक्टरी 18,000 रुपये, आणि 33 टक्क्यांहून जास्त पीकनुकसानीला जिरायत 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये असे दर आहेत. राज्य सरकार प्रसंगानुरूप वेगळे निर्णय काढून दर वाढवते, पण हिशेबाचा पाया हाच. बारा आर मळी वाहून गेली तर 47,000 च्या दराने हातात येतात 5,640 रुपये. मळीच्या बारा आरांत उसाचे काय उत्पन्न निघते ते नदीकाठच्या कुणालाही विचारावे.

पैशाहून मोठी अडचण पात्रतेची आहे. जमीन वाहून गेल्याची मदत फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरांपर्यंत धारण असलेल्यांना. समजा एखाद्याच्या 8-अ वर, म्हणजे त्याच्या खात्यावरची एकूण जमीन दाखवणाऱ्या उताऱ्यावर, 2 हेक्टर 10 आर आहेत आणि पुरात 12 आर गेले. पंचनाम्याला जोडलेला 8-अ जुना, म्हणून तो मोठा शेतकरी ठरून बाद. प्रत्यक्षात त्या दिवशी त्याच्याकडे 1 हेक्टर 98 आरच उरले आहेत. ज्या नुकसानीसाठी मदत मागितली, तेच नुकसान मोजताना धरले जात नाही. आमची विनंती : पात्रता ठरवताना वाहून गेलेले क्षेत्र वजा करून उरलेले क्षेत्र बघावे, आणि पंचनाम्याच्या नमुन्यात तसा एक रकाना घालावा.

दुसरी गाठ जमीन महसूल अधिनियमातली आहे. नदीने नेलेल्या जमिनीसाठी आकारणीत सूट मिळते, पण ते क्षेत्र अर्ध्या एकरापेक्षा कमी नसले पाहिजे, अशी अट आहे. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. ही अट घातली तेव्हा एका माणसाकडे किती जमीन असायची आणि आज शिरोळ-करवीरमध्ये किती आहे, याचा मेळ कुणी घातलेला नाही. वीस गुंठ्यांच्या आतली धूप दप्तरात कधी उतरतच नाही. सातबारा म्हणतो चाळीस आर, नांगर फिरतो अठ्ठावीस आरांवर. शेतसारा किरकोळ आहे, त्याची सूट नको. पण लागवडीयोग्य क्षेत्राची नोंद खरी व्हायला हवी. अट बदलणे विधिमंडळाचे काम आहे. मोजणी करून वाहून गेलेले क्षेत्र पोटखराब्यात घेण्याचे काम मात्र जिल्ह्यातच होऊ शकते. त्यासाठी पूरग्रस्त गावांच्या मोजणीचा एकत्रित कार्यक्रम लावावा. एकेकट्याने मोजणी फी भरून ते होणारे नाही.

पीएम-किसानमध्ये गंमत अशी की तिथे क्षेत्राला किंमतच नाही. एक गुंठा असला तरी वर्षाला 6,000, आणि तीच यादी धरून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000. तेव्हा क्षेत्र घटल्याने इथे काही बिघडू नये. बिघडते ते क्षेत्र शून्य झाल्यावर. सगळा गट रस्त्यात गेला, मोबदल्यात शेतकऱ्याने शेजारच्या गावात रान घेतले. त्या खरेदीच्या फेरफाराची तारीख अर्थातच 1 फेब्रुवारी 2019 नंतरची. योजनेच्या नियमात त्या तारखेनंतर मिळालेली जमीन चालत नाही, अपवाद फक्त वारसाहक्काचा. म्हणजे बाप वारला तर हप्ता चालू, सरकारने जमीन घेतली तर बंद. मूळ मार्गदर्शक सूचनांत ती तारीख पुढच्या पाच वर्षांसाठी होती. पाच वर्षे 2024 मध्येच सरली, तरी त्या तारखेनंतर मालकी आलेल्यांचे हप्ते संशयित म्हणून रोखून तपासणी चालूच आहे. भूसंपादनाच्या मोबदल्यातून घेतलेली पर्यायी जमीन वारसाहक्काच्या बरोबरीने धरावी, अशी शिफारस आपण राज्यस्तरावर पाठवावी. तोवर तपासणीत निवाड्याची प्रत आणि खरेदीखत एकत्र जोडलेली प्रकरणे थेट अपात्र न करता बाजूला ठेवावीत.

ठिबकचे अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकाला खर्चाच्या 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के, वर राज्याचा पूरक हिस्सा मिळून 80 आणि 75 टक्के. इथे क्षेत्र घटणे कधी कधी फायद्याचे ठरते. दोन हेक्टरांच्या थोडा वर असलेला माणूस रस्त्यामुळे खाली आला तर त्याचा अनुदानाचा गट बदलतो. पण नवा 8-अ हातात नसेल तर 75 वरच समाधान मानावे लागते. त्याच जमिनीवर सात वर्षे पुन्हा अनुदान नाही, हा नियम योग्यच आहे. मात्र संच बसवून तीन वर्षांत अर्धे रान रस्त्यात गेले, तर गेलेल्या भागावरचा सात वर्षांचा बंध उरलेल्या नव्या हिश्श्यालाही चिकटू नये. आणि संयुक्त मोजणीच्या वेळी शेतकऱ्याने उभे राहून मेन, सबमेन, लॅटरल, फिल्टर, पाइपलाइन ही नोंद करून घ्यावी. झाडे आणि विहिरी मोजल्या जातात. जमिनीत गाडलेली पाइपलाइन दिसत नाही म्हणून सुटते.

क्षेत्राच्या किमान अटी असलेल्या योजनांत 'सलग' हा शब्द घात करतो. रोजगार हमीच्या विहिरीला किमान 0.40 हेक्टर सलग क्षेत्र लागते. समजा 52 आरांचा तुकडा होता, रस्त्याने मधून 7 आर घेतले, एका बाजूला 31 आणि दुसऱ्या बाजूला 14 उरले. बेरीज 45, पण सलग 40 कुठेच नाही. अशा वेळी लगतच्या शेतकऱ्याबरोबर संयुक्त विहीर घेता येते, ही तरतूद आहे. ग्रामसेवक आणि रोजगार सेवकांनी ती अर्ज नाकारण्याआधी सांगितली तरी बरेच काम होईल. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेला आपल्याकडे किमान 20 आर लागतात, तिथेही सामाईक खातेदार अडकतात. रस्ता एका भावाच्या वहिवाटीतून जातो, पण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली वाटप झालेले नसल्याने क्षेत्र तिघांच्या हिश्श्यातून सारखे कमी होते. ज्याचे रान गेले त्याच्या नावावर नसलेले रान दिसते आणि ज्यांचे शाबूत आहे त्यांचे कागदावर आखडते. मोबदल्याच्या वेळी संमतीपत्र घेतलेच जाते. त्याच बैठकीत वाटपाचा अर्जही घेऊन तहसीलदारांकडे पाठवला तर पुढची भांडणे वाचतील.

या सगळ्यावर एकच उपाय आम्हाला व्यवहार्य वाटतो : ताबा घेतल्याच्या दिवशी भूसंपादन अधिकाऱ्याने एका पानाचा क्षेत्र-घट दाखला द्यावा. त्यावर गट व हिस्सा क्रमांक, खाते क्रमांक, खातेदारनिहाय हिस्सा, आधीचे एकूण क्षेत्र व पोटखराबा, गेलेले क्षेत्र व त्यातला पोटखराबा, उरलेल्या तुकड्यांचे वेगवेगळे क्षेत्र, त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा, ताब्याची तारीख आणि शेतकरी ओळख क्रमांक असावा. आकडे हेक्टर-आरमध्ये असावेत, गुंठ्यात नव्हे. गुंठा आणि आर जवळपास सारखे असल्याने लोक एकाच्या जागी दुसरा लिहितात, आणि एकराचे चाळीस गुंठे म्हणजे 40.47 आर होतात. अर्ध्या आराचा फरक 0.40 च्या अटीवर नेमका आडवा येतो. दाखल्याची एक प्रत शेतकऱ्याला, एक ग्राम महसूल अधिकाऱ्याला, एक भूमी अभिलेखला, एक कृषी सहायकाला आणि एक सेवा सोसायटीला. सातबारा दुरुस्त होईपर्यंत सर्व योजनांसाठी हाच दाखला ग्राह्य धरावा. 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे, तेव्हा फेरफार मंजूर झाल्यावर त्या क्रमांकाला जोडलेले क्षेत्र बदलले की नाही हे तपासण्याची जबाबदारीही कुणा एकाच्या नावावर लिहून द्यावी.

तोवर ज्यांची जमीन जात आहे त्यांनी संयुक्त मोजणीचा नकाशा, निवाड्याचा उतारा आणि ताबा पावती यांच्या सहीशिक्क्याच्या प्रती आधी घ्याव्यात. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत आकडे ताडून हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मंजूर फेरफारावर प्रांतांकडे अपील करायला साठ दिवस असतात. ते दिवस 'बघू, करू' म्हणण्यात जातात.

पीककर्जाचे वाटप एप्रिलपासून सुरू होते, खरिपाच्या विम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते आणि आडसालीची लावण जुलै-ऑगस्टमध्ये. दाखल्याचा नमुना मार्चपर्यंत ठरला तर या हंगामाच्या कर्जालाच तो लागू करता येईल. त्यानंतर ठरला तर चुकीच्या क्षेत्रावर उचललेले कर्ज पुढच्या वर्षीच्या गळितापर्यंत तसेच खात्यावर राहणार.

कळावे,
आपले,
करवीर, हातकणंगले, शिरोळ, पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील शेतकरी व शेतीच्या कागदपत्रांचे काम करणारे आम्ही काही जण